पडद्यावरचा बाप आणि आमचे बाबा

माझे वडील मारणारे नव्हते की पिणारे नव्हते. राग आला की ते बोलणं बंद करायचे, एवढंच. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ते नोकरीला होते. दिवसभर ड्रायव्हरांशी घसा ताणून बोलायचे आणि नेरूळला घरी आले की माझ्यासाठी आईमार्फत निरोप. "त्याला सांग, पंखा बंद कर." मी समोरच बसलेलो असायचो.

रविवारी टीव्हीवर सिनेमा लागायचा. अबोला असला तरी तो आम्ही तिघं एकत्र बघायचो. त्यातले बाप एकतर देवमाणूस, नाहीतर कसाई. दोघेही शेवटी मुलाला मिठी मारायचे. तिथे बाबांच्या डोळ्यांत हमखास पाणी यायचं. मी टीव्ही सोडून त्यांच्याकडे बघत बसायचो. परक्या पोरासाठी रडणारा हा माणूस माझ्याशी आठवडाभर बोललेला नाही, याचं नवल वाटायचं.

त्यांच्याकडे बघत राहायची सवय मला अशी लागली. चपला कशा काढल्या, ताटाशी कसे बसले, यावरून आज बोलतील की नाही ते मी ओळखायचो. पुढे सिनेमाच्या धंद्यात आलो तेव्हा कळलं, अर्धं शिक्षण घरीच झालंय.

पहिली शॉर्टफिल्म लिहिली ती अर्थात त्यांच्यावर. शूटिंगला नेरूळजवळच्या शिरवणे गावात एक खोली घेतली होती. बाबांना राहवलं नाही, ते आईला घेऊन आले आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. सीन दहावीच्या निकालाचा होता. मुलगा कमी मार्कांचा निकाल घेऊन दारात उभा आहे आणि बाप मान खाली घालून जेवतोय. टेक झाला तसे बाबा उठून माझ्याजवळ आले.

"असं काय झालं नव्हतं."

"झालं होतं, बाबा."

"पोरगं दारात उभं आणि मी जेवत बसलो?"

"अहो, वर भातही मागून घेतलात," आई म्हणाली.

त्यांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, झालं, आता महिनाभर आईमार्फत निरोप. पण थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "मग हा बाप शेवटी माफी मागतो का?"

"नाही."

"मिठी तरी मारतो?"

"नाही. पोरगा आत जाऊन आईजवळ बसतो आणि जेवतो. पुढे मोठा होतो."

"लोकांना आवडंल हे?"

"माहीत नाही. पण खरं आहे."

ते पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले. "मग बदलू नको," म्हणाले.

मी बदललं नाही. वाशीच्या एका हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. संपल्यावर एका बाईंनी मला हळूच विचारलं, "वडील आहेत का तुमचे?" मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "हायेत की. मीच तो." त्या संध्याकाळी त्यांनी निम्म्या हॉलशी हात मिळवले. माझ्याशी फिल्मबद्दल चकार शब्द नाही. रिक्षात फक्त म्हणाले, "नट जरा उंच घ्यायचा."

फिल्ममधल्या त्या पोराला मी मिठी दिली नाही, याची मला कधी चुटपूट लागली नाही. मिठीवाचूनही मुलं वाढतात. बापाला नीट बघत बघत वाढतात, त्याच्यातलं काय घ्यायचं आणि काय नाही ते ठरवत.

आता मला मुलगा आहे. राग आला की माझीही जीभ जड होते, ते रक्तातच आहे. पण मी तेवढं सांगून टाकतो. "मला राग आलाय. चहा पिऊन बोलतो." तो "ओके" म्हणतो आणि खेळायला लागतो. माझ्या तोंडाकडे बघायचीही त्याला गरज वाटत नाही. हा काही दिग्दर्शक व्हायचा नाही बहुतेक.