कुंकवाखालची तारीख

चैत्र-वैशाखात ह्यांच्या हातांना तांब्याचा वास येत असे. दिवसभर एसीच्या नळ्यांना झाळ देऊन हे घरी येत, साबणाने दोनदा हात धूत, आणि तरीही पाणी पिऊन पेला माझ्या हाती देताना तो वास येईच. लग्नानंतर इकडे बंगालात, भवानीपुरात आले तेव्हा मला तो परका वाटला होता. पुढे तोच घराचा झाला.

दुकानात ह्यांच्याजवळ एकच माणूस होता, एक वयस्क बंगाली मिस्त्री. ह्यांना तो दादा म्हणे आणि मला बौदी, म्हणजे वहिनी. यंत्राच्या नुसत्या घरघरीवरून तो त्याचे दुखणे ओळखी. शाळा मात्र त्याने पाहिली नव्हती. वीजजोडणीसह एसी बसवण्याचा ठेका घ्यायचा तर परवाना लागतो, आणि परवान्यावर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाचे नाव. ते नाव ह्यांचे होते. त्या एका कागदावर दोन घरांच्या चुली पेटत.

कागद दुकानात दारासमोरच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत असे. मिस्त्री भाद्रपदात विश्वकर्म्यापुढे हत्यारे मांडी, आम्ही दसऱ्याला. त्या दिवशी हे परवाना चौकटीतून काढून पाटावर ठेवत, गॅसचा दाब मोजण्याच्या पितळी घड्याळांशेजारी, आणि करंगळीने त्याच्या कोपऱ्यात कुंकवाचा ठिपका लावत. इतका लहान, की दिसूही नये. देवाला घाबरता की सरकारला, असे मी विचारी. हे नुसते हसत.

गेल्या वर्षीच्या दसऱ्याला हे इस्पितळात होते. पूजा मी केली. मनात मागणे एकच होते, आणि बोटे ओली होती. हळदीवर कुंकू, कागदाच्या अगदी मध्यावर, हात आखडता न घेता. ओल लागताच छापील शाई पसरली. मला ती पाकळ्यांसारखी दिसली. मी कागद तसाच चौकटीत घातला.

माघात ह्यांना घरी आणले. एका दुपारी, पापण्या न उघडता, त्यांनी विचारले, "परवान्याची मुदत पाहिलीस?"

मी दुकानात जाऊन पाहिले. तांबडा डाग, आणि त्याखाली आकड्यांची सावली. नूतनीकरण अगदी अलीकडे केल्यासारखे मला वाटत होते. परत येऊन मी म्हटले, "आहे अजून."

त्यांच्या कपाळावरची आठी सुटली. त्यानंतर त्यांनी कामाचे काही विचारले नाही. वैशाखात ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर मिस्त्रीला सोबत घेऊन मी परवाना कार्यालयात गेले. परीक्षा दिलेला दुसरा माणूस मिळेपर्यंत पत्नीला काही काळ परवाना चालवता येतो, असे कळले होते. अट एवढीच, की धारक गेला त्या दिवशी मुदत शिल्लक असावी. टेबलामागची मुलगी माझ्या लेकीच्या वयाची होती. तिने कागद उजेडाकडे धरला. डाग कशाचा, हे तिला सांगावे लागले नाही. नववर्षाला इथली दुकानेही नव्या वह्यांवर सिंदूर उमटवतात. तिने संगणकात पाहिले. मुदत मार्चअखेर संपली होती.

"त्याआधी आला असतात तर एक अर्ज पुरला असता, मासीमा," मावशीला सांगावे तसे ती हळू म्हणाली, आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला.

जिन्यावर मी मिस्त्रीला सारे सांगितले: ओली बोटे, डाग, माझे ते उत्तर. तो कठडा धरून उभा राहिला. मग म्हणाला, की दादांना हे कळले नाही तेवढे बरे झाले.

पावसाळ्यात दुकान बंद झाले. मिस्त्री आता रोज लाँचने नदी ओलांडून हावड्याला जातो, दुसऱ्या ठेकेदाराच्या हाताखाली. कालपरवा कामाला लागलेले लोक त्याला स्क्रू कसा पिळायचा ते सांगतात, असे तो हसून सांगतो. मला हसू येत नाही.

यंदा आम्हाला सण नव्हता. दसऱ्याला मी पाट मांडला नाही. कुंकवाचा करंडा तर वैशाखापासून उघडलाच नव्हता. सकाळी मिस्त्री दारात आला. पिशवीतून त्याने ती पितळी घड्याळे काढली, दुकान आवरताना मी त्याला दिलेली, आणि ओट्यावर ठेवली. मी करंडा आणला. बोट पुढे जाईना.

"लावा, बौदी," तो म्हणाला. "पितळ आहे. पुसता येते."

मी करंगळी नीट कोरडी केली. कडेला एक ठिपका लावला, दिसूही नये इतका लहान. घड्याळे उचलायला तो वाकला, तेव्हा त्याच्या हातांना तांब्याचा वास येत होता.