खंडेनवमीचा रेडिओ
शाळेच्या कपाटात टाकायला डांबरगोळ्या घेत होते, आणि त्या वासानं मला गंगाखेडकडच्या आमच्या शाळेतला रेडिओ आठवला. सरकारी योजनेतून आलेला तो रेडिओ अशाच गोळ्यांच्या वासात कुलूपबंद असायचा. बिघडला तर वर जबाब द्यावा लागेल, या धास्तीनं मोठे गुरुजी तो कधी लावायचेच नाहीत. खंडेनवमीला मात्र तो बाहेर निघाला. टेबलावर त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली, उदबत्तीचा धूर त्याच्या जाळीत शिरला. माझ्या शेजारी बसणारी मेंढपाळाची पोरगी म्हणाली, "गुरुजी, आता लावा की." गुरुजी दचकले. "खुळी का काय तू? पूजेतल्या हत्याराला आज हात लावत नसतेत." ती गप्प बसली नाही. "आमच्या घरीबी आज कातरीची पूजा हाय. पण ती मेंढरं कातरून दमती, म्हणून तिला आज सुट्टी. ह्यानं काय काम केलंय?" गुरुजी रेडिओकडं बघत राहिले. दसऱ्यानंतर शाळा भरली, तेव्हा रेडिओ टेबलावरच होता, सुकलेल्या माळेसकट. गुरुजींनी जपून बटण फिरवलं. आधी नुसती खरखर झाली, मग एका बाईंचा आवाज आला, "मुलांनो, ऐकताय ना?" आम्ही सगळे एकदम ओरडलो, "होऽऽ!" आता मीच मुख्याध्यापिका आहे, आणि नव्या टॅबांच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. मी डांबरगोळ्या दुकानदाराला परत केल्या.