दांडीवरची करंगळी

थोरलीला सगळ्याचीच भीती वाटायची. कुलूप लावून जिना उतरला की ती परत वर जाऊन ते ओढून बघायची, आणि खाली आल्यावर आपण खरंच ओढलं का, या शंकेने पुन्हा वर. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई म्हणायची. हा राक्षस लहानपणापासून इमानेइतबारे थोरलीच्या मागे चालत आला होता. फक्त गिटार हातात असली की तो दाराबाहेर थांबायचा. आता तो तिथेही शिरला होता.

दोघी बहिणी एका हॉटेलच्या हॉलमध्ये संध्याकाळी कार्यक्रम करायच्या. धाकटी गायची, थोरली इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. तिसरं कुणी नाही. गेल्या आठवड्यात ऐन गाण्यात एक तार तुटली आणि बाकीच्या पाचही बेसूर झाल्या. गिटारचा ब्रिज, म्हणजे तारांचं खालचं टोक धरून ठेवणारा लोखंडी भाग, झिजून तारांना कापत होता. धाकटी भर हॉलमध्ये नुसती उभी राहिली. येत्या शनिवारी रेडिओवरच्या एक बाई मुद्दाम तिला ऐकायला येणार होत्या. तेव्हा पुन्हा असंच झालं तर? थोरलीने गिटार उचलली आणि दुरुस्तीचं दुकान गाठलं.

दुरुस्तीवाला मिस्त्री तोंडाने फटकळ, पण हात मात्र हळुवार. त्याने जुना ब्रिज उचकटला, भोकांमधलं अंतर मोजलं आणि टेबलावर दोन नवे ठेवले. एक पहिल्यासारखाच, स्प्रिंगांवर तोललेला. त्याला एक दांडी असते. ती दाबली की तारा सैल पडतात आणि सूर खाली झुकतो. दुसरा साधा, लाकडाला घट्ट आवळायचा.

मग त्याने भिंतीवरच्या दोन गिटारी उतरवल्या आणि पक्कड घेतली. स्प्रिंगवाल्या गिटारची एक तार त्याने खाडकन कापली. थोरली दचकून मागच्या स्टुलावर आदळली. उरलेल्या तारा छेडल्या, तर सगळ्यांचे सूर वर चढलेले. घट्ट ब्रिजच्या गिटारचीही एक तार कापली. तिच्या बाकीच्या पाच जिथल्या तिथे.

"भरवशाचा हवा तर हा घ्या," मिस्त्री म्हणाला. "पण स्प्रिंगांची मागची पोकळी ठोकळा चिकटवून बुजवावी लागेल. मग दांडी विसरायची. नंतर पहिल्यासारखं करून द्या म्हणत येऊ नका."

"दांडी लागते हो मला."

"कशाला? मी दोनदा आलोय तुमच्या हॉटेलात. तुम्ही ती हलवलेली एकदाही ऐकली नाही."

कुणाला ऐकू येऊ नये, अशीच तर थोरली ती हलवायची. धाकटीचा आवाज गोड, पण लांबलचक ओळीच्या शेवटी तो केसभर खाली घसरायचा. पहिल्यांदा घसरला तेव्हा घाबरली थोरलीच, आणि तिने करंगळीने दांडी केसभर दाबून गिटारच खाली आणली. सूर जुळले, टाळ्या पडल्या. तेव्हापासून धाकटी घसरली की गिटारही तिच्याबरोबर घसरायची. हे त्या करंगळीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, धाकटीलाही नाही.

इकडे आड, तिकडे विहीर. स्प्रिंगवाला घ्यावा तर तार तुटण्याची भीती, घट्ट घ्यावा तर धाकटी उघडी पडण्याची. तार तुटली तर गाणंच बंद पडतं, घसरलं तर निदान चालू राहतं, असा विचार करून तिने घट्टवर बोट ठेवलं. सरस वाळून गिटार हातात यायला शनिवारची दुपार उजाडली. तालमीला वेळच उरला नाही. आपण धाकटीला आधी सांगायला हवं, हे थोरलीला कळत होतं. पण संध्याकाळपर्यंत ती नुसत्या तारा जुळवत बसली.

संध्याकाळी बाई खांबाजवळच्या टेबलाशी बसल्या. पहिलं गाणं नीट पार पडलं. दुसऱ्यात ती लांब ओळ आली, आणि शेवटाला धाकटी घसरली. थोरलीची करंगळी दांडी दाबायला गेली. तिथे दांडी नव्हतीच. गिटार आपल्या जागी ठाम राहिली आणि दोन सूर एकमेकांना खरखरीत घासले.

धाकटीने वळून पाहिलं. थोरलीला वाटलं, आता ही थांबणार, आता ही रडणार, आणि हे सगळं आपल्यामुळे. पण हात मात्र वाजवत राहिला.

धाकटीने तीच ओळ पुन्हा उचलली. पुन्हा घसरली. या वेळी मात्र अंधारात पायरी चाचपावी तशी ती गिटारचा सूर शोधत हळूहळू वर चढली आणि शेवटच्या क्षणी पोचली. बाई जाताना "कळवते" एवढंच म्हणाल्या.

सामान आवरताना धाकटीने ब्रिजवरून बोट फिरवलं. "दांडी काढलीस?"

"हो."

"म्हणजे आधीही मी घसरायचे? तेव्हा तू काय करायचीस?"

"खाली यायचे मी. तुला सांभाळायला."

"मग ताई, मी घसरतेय हे मला कळणार कसं होतं गं?"

इतकी वर्षं थोरली भलभलत्या गोष्टींना भ्यायली होती, आणि या प्रश्नाची भीती तिला कधी शिवलीही नव्हती.

"सकाळी बसू," धाकटी गिटारची पेटी बंद करत म्हणाली. "सगळ्या लांब ओळी घेऊ. आणि तू आपल्या जागेवरून हलायचं नाहीस."