बाबांचा गॅस

परदेशातून एमबीबीएस करून मी रायपूरला परतले तेव्हा चौबे कॉलनीतल्या आमच्या ओळीत माझी चांगलीच चलती होती. समोरच्या काकू शुगरचा रिपोर्ट घेऊन यायच्या, वरच्या मजल्यावरचे भैया तर स्वतःचं बीपीचं मशीनच घेऊन यायचे. आई सगळ्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "आमच्या डॉक्टरले दाखवा."

मग निकाल आला. बाहेरून शिकून आलेल्यांना इथे एक परीक्षा पास व्हावी लागते, त्याशिवाय डॉक्टर म्हणून काम करता येत नाही. मी नापास. पुन्हा बसले, पुन्हा नापास. तिसऱ्यांदाही तेच. तिकडे सगळी वर्षं आम्ही वॉर्डात प्रोफेसरच्या पाठीमागे घोळक्याने उभे राहायचो, पेशंट त्याच्या भाषेत काय सांगतोय ते निम्मं कळायचं नाही, हे मी कुणाला सांगणार होते? घरी रिपोर्ट यायचे बंद झाले. काकू रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "आता पुढं काय ठरवलं?" मला त्यांचा इतका राग यायचा की पंडरीच्या बाजारात जायचं असलं तरी मी मागच्या गल्लीने निघायची.

त्या रविवारी सकाळी बाबा भाजी घेऊन आले आणि पिशवी दारातच टाकून खुर्चीत बसले. रेल्वेतून रिटायर झाले तरी बसून राहणारा माणूस नव्हता तो. कपाळावर घाम होता. डावा खांदा चोळत म्हणाले, "छातीत भरल्यासारखं होऊन राहिलं. गॅस झाला वाटते."

मला तिथल्या तिथे कळलं. पुस्तकात लिहिलेलं असतं अगदी तसंच चाललं होतं.

"बाबा, चला, ईसीजी काढून येऊ."

"काहून? हे तुह्या पेपरात आलं होतं का?"

ते हसले. आईही हसली. चेष्टाच होती, आमच्याकडे अशी नेहमी चालते. पण मला ती वर्मी लागली. आई ओवा आणि काळं मीठ घेऊन आली. मी माझ्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मनात म्हटलं, नाही ना ऐकायचं, मग बसा. याच शब्दांत म्हटलं.

दोन तासांनी आईची किंकाळीच ऐकू आली. वरच्या भैयांनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ईसीजीचा कागद पाहून विचारलं, "इतना लेट क्यों किया?" आईने माझ्याकडे पाहिलं नाही, मीही तिच्याकडे नाही. हृदयाचा बराचसा भाग कामातून गेला होता.

बाबा वाचले. आता फाटकापर्यंत जातात आणि धापा टाकत परत येतात. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कौतुकाने सांगतात, "आमच्या पोट्टीनं तवाच ओळखलं होतं. मीच नाई ऐकलं. परीक्षा गेली चुलीत, पोट्टी पक्की डॉक्टर आहे."

त्यांना वाटतं, मी खूप विनवण्या केल्या. मी एकदाच म्हटलं होतं. मग मी दार लावून बाबा खोटे पडायची वाट बघत बसले होते.