उलटा का करायचा?

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सहावीत होते. आमचं गाव कुरुंदवाडच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरी आम्ही कानडी बोलायचो. अप्पांचं किराणा मालाचं छोटं दुकान होतं.

त्या सोमवारी गणिताच्या सरांनी सांगितलं की शुक्रवारी शाळेची तपासणी आहे, मोठे साहेब वर्गावर येणार. मग शेवटच्या बाकांवरच्या आम्हा पाच जणांना त्यांनी व्हरांड्यात बोलावलं आणि शुक्रवारी घरीच थांबून अभ्यास करा म्हणाले. बोलणं गोड होतं, पण अर्थ पाचही जणांना कळला. बाकीचे चौघं सुट्टी मिळाली म्हणून खूश झाले. मला मात्र दिवसभर कानशिलं तापल्यासारखं वाटत होतं.

घरी अप्पा म्हणाले, सर म्हणतात तर बस घरी. अव्वा, म्हणजे आई, भांडी घासत होती. तिला अक्षरओळखसुद्धा नव्हती. मान वर न करता ती म्हणाली, "शाळा काय त्यांच्या घरची हाय?"

गुरुवारपर्यंत वर्गात एकच धडा चालला, अपूर्णांकांचा भागाकार. फळ्यावर रोज तीच चार उदाहरणं. कोणी कोणतं सोडवायचं तेही ठरलेलं. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. बुधवारी मी विचारलं, उलटा का करायचा? सर म्हणाले, तसा नियम आहे, आणि तुला शुक्रवारी काय करायचंय? वर्ग हसला. शुक्रवारी यायचं, हे मी तिथंच ठरवलं.

शुक्रवारी सर फाटकाशीच उभे होते. मला बघून हळूच म्हणाले, घरी जा.

"न्हाय जाणार," मी म्हटलं.

साहेबांची जीप तेवढ्यात आत वळली, त्यामुळे सरांना ओरडता आलं नाही. मी जाऊन माझ्या बाकावर बसले.

साहेब म्हणजे एक वयस्कर, बारीक गृहस्थ. चारही उदाहरणं झटपट सुटली. साहेबांनी मान डोलावली आणि जाता जाता कुणाला शंका आहे का विचारलं. "नाही साहेब," असं सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, हेही आठवडाभर घोकून घेतलं होतं. तो सूर संपल्यावर मी उभी राहिले.

"उलटा का करायचा, ते मला कळलं न्हाय."

सर घाईघाईनं म्हणाले, "कच्ची आहे, साहेब. यांच्या घरी कानडी बोलतात."

"प्रश्न मराठीतच विचारलाय की, सर," मी म्हटलं.

साहेबांनी खडू सरांपुढे धरला आणि म्हणाले, सांगा, मीही ऐकतो. सरांनी खडू घेतला, फळ्याकडे वळून पुन्हा नियमच म्हणून दाखवला. त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते मला त्या क्षणी दिसलं, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

मग साहेबांनी मला वडील काय करतात ते विचारलं. दुकान म्हटल्यावर म्हणाले, एक किलो साखरेच्या पाव किलोच्या पुड्या किती? चार. अर्ध्या किलोच्या? दोन. आणि पाऊण किलोत पावाच्या किती? तीन. "बघ, पावानं भागलंस, म्हणजे चारानं गुणलंस," ते म्हणाले. तास संपेपर्यंत ते फळ्यापाशीच राहिले. पहिल्या बाकावरची मुलंही भराभर वहीत उतरवून घेत होती.

सोमवारी सरांनी मला वर्गाबाहेर उभं केलं. माफी माग, मगच आत ये, म्हणाले. कशाची माफी मागायची ते सांगा, असं मी म्हटलं. तीन दिवस मी व्हरांड्यात उभी राहिले, खिडकीतून फळा बघून वही लिहीत. चौथ्या दिवशी शिपाई येऊन म्हणाला, सरांनी आत बसायला सांगितलंय.

त्या वर्षी गणितात मी जेमतेम पास झाले. पण शंका आली की उभी राहायचे. सर वैतागायचे आणि दुसऱ्या दिवशी उत्तर शोधून आणायचे. माफी मी मागितली नाही, आणि त्यांनीही ती पुन्हा मागायला लावली नाही.