पटत नसेल त्यांनी फोन करू नये
सौम्या माझी भाची. कुंभकोणमला माझ्याच घरी वाढली आणि पहिल्यापासून हट्टी. नर्सिंगला जाऊ नको म्हटलं, गेली. नवऱ्याचा मार सोसून राहा असं मोठ्यांनी सांगितलं, तर तिसऱ्या दिवशी पोरीला कडेवर घेऊन परत आली. दोन वर्षांपूर्वी सिंगापूरच्या एका इस्पितळात नोकरी धरली आणि कीर्तीला माझ्याकडे ठेवून गेली.

तिथे ती नर्सांच्या वसतिगृहात राहायची. पोरीला न्यायचं तर घर हवं, तेही डिसेंबरच्या आत, कारण जानेवारीत शाळा सुरू होतात. "अम्मा, घर मिळालं का?" कीर्ती रोज फोनवर एवढंच विचारायची.

घरं होती. पण दलालाचा पहिला प्रश्न, कुठल्या देशाच्या? दुसरा, स्वयंपाक करणार का? एका बाईने चहापुरता गॅस कबूल केला. एकाने फोडणी चालणार नाही असं करारातच घातलं. एकाने नाव ऐकूनच फोन ठेवला. अशी सात घरं गेली. इथे बसून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपण नव्या घरात आधी दूध उतू घालणारी माणसं, आणि या लोकांना साधी मोहरी खपत नाही.

बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे मला तडजोडी सुचतात. म्हणालो, "स्वयंपाक करत नाही म्हणून सांग. आत गेल्यावर कोण बघतो?"

"खोटें कां बोलूं, मामा? पोरीस चोरून जेवूं घालूं?" ती अजून आमच्या घरची जुनी मराठीच बोलते.

तिने उलटीच जाहिरात द्यायची ठरवली, भाडेकरूची. माझं इंग्रजी बरं, म्हणून मजकूर मी लिहिला. शांत, स्वच्छ नर्स, स्वयंपाक अगदी हलका. तिने तो खोडायला लावला आणि सांगेल तसं लिहून घेतलं: 'कुंभकोणमची नर्स, एक मुलगी. दोन्ही वेळा स्वयंपाक करीन, मोहरी-हिंगाची फोडणी देईन. पहिल्या दिवशी दूध उतू घालीन, शेगडी मीच पुसीन. पटत नसेल त्यांनी फोन करू नये.'

"कोणी करणार नाही," मी म्हणालो.

"न करूं देत. आतां तुमची जाहिरात वाचा, मामा. माडीची."

आमची माडी चार महिने रिकामी होती. इथल्या दलालाला मी लिहून दिलेली चिठ्ठी त्याने फोनवरून गावभर पाठवली होती, ती तिच्यापर्यंत पोचली होती. मी वाचेना. तिनेच वाचली. "शाकाहारी. आमच्यांतलेच. एकट्या बायका नकोत. ह्यांत मी कोठें बसतें, मामा?"

"तुझी गोष्ट वेगळी," मी म्हणालो.

"मज नाहीं म्हणणाऱ्यांसही कोणी वेगळी भाची असेल."

मला राग आला. तो तिचा नव्हता, हे कळायला दोन दिवस लागले.

अकराव्या दिवशी तिला एकच फोन आला. म्हातारी बाई, शहराच्या टोकाला घर. दूध मुद्दाम का सांडता, एवढं तिने विचारलं, सौम्याने सांगितलं, आणि घर ठरलं. डिसेंबरात ती कीर्तीला न्यायला आली.

निघायच्या आदल्या दिवशी दलाल एका बाईला घेऊन दारात. नाव विशालाक्षी, दारासुरमला रेशमाच्या दुकानात कामाला. मी तोंड उघडायच्या आत तिने तमिळमध्ये सांगून टाकलं, "सार, मी एकटी राहते. मासे खाते. चालत नसेल तर आत्ताच सांगा, माझी बस आहे."

सौम्या माझ्या मागे उभी होती. समोरच्या ओट्यावर स्वामीनाथ पेपर खाली करून ऐकत होते, आणि ते ऐकतात ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं.

मी किल्ली आणली आणि स्वामीनाथांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पाणी सकाळी सहाला येतं. शेगडी तेवढी तुमची तुम्ही आणा."