आत्याचं योइक टेकलं

इंगा आत्या माणसं गाते. उत्तरेच्या बर्फात रेनडियर पाळणाऱ्या आम्हा सामींत प्रत्येकाचं स्वतःचं योइक, म्हणजे गाणं, असतं, दुसऱ्या कुणीतरी दिलेलं. त्या गाण्याला शेवट नसतो. गाणारा मध्येच तोडतो, कारण माणूस अजून चालतोय.

आमच्या वस्तीतल्या निम्म्या माणसांची योइकं आत्यानंच बांधलीत. गेल्या वसंतात माझ्या भावाचं, यौन्नाचं, योइक गाताना तिनं सूर खाली आणला आणि नीट संपवला.

"आत्या, चुकलीस गं! म्हातारी झालीस," यौन्ना हसला.

"गप रे मेल्या," ती म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला होता. चौथ्या दिवशी तळ्यावरचा बर्फ त्याच्या पायाखाली फुटला.

तेव्हापासून तिला कुणी गा म्हणत नाही. मी तर मुळीच नाही.

आज रेनडियर घेऊन मला तेच तळं ओलांडायचंय. सकाळी कॉफीत चीजचे तुकडे टाकताना आत्या सवयीनं माझं योइक गुणगुणायला लागली. बूट बांधता बांधता माझे हात थांबले. आता तोडेल, मग तोडेल, म्हणून मी वाट पाहिली. सूर हळूहळू खाली आला आणि टेकला.

"आत्या?"

"कॉफी पी," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता.

बाहेर कळप केव्हाच बर्फावर उतरला होता.